टाच दुखतेय आणि हाफ ट्रायथलॉन ९ आठवड्यांवर आलीय. पळू की नको?

लांबपल्ला
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय कारण डोकं चालेनासं झालंय. वय ४१, पूर्णवेळ नोकरी, घरात दोन लहान मुलं, ट्रायथलॉनचं हे तिसरं वर्ष. आतापर्यंत दोन स्प्रिंट केल्या, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं, आणि एक ऑलिंपिक अंतराची केली, १.५, ४० आणि १० वाली. आता हाफला नाव दिलंय. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि वर २१.१ किमी पळणं. बरोबर ९ आठवडे उरलेत.

महिन्याभरापूर्वी डाव्या टाचेच्या वर साधारण दोन बोटांवर दुखायला लागलं. आधी फक्त सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं लंगडत टाकायचो, मग अंग गरम झालं की गायब, म्हणून पळत राहिलो. आता जिना उतरतानाही कळतं. पळताना पहिले २ किमी दुखतं, मधे बरं वाटतं आणि संध्याकाळी परत ठणकतं. चिमटीत धरून बघितलं तर डावा टेंडन, म्हणजे पोटरी टाचेच्या हाडाला जोडणारा दोर, उजव्यापेक्षा जाड लागतो.

मागच्या वर्षी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आयटी बँडचं (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पट्ट्याचं) दुखणं झालं होतं तेव्हा ६ आठवडे पळणं पूर्ण बंद ठेवलं, परत सुरू केलं तर तिसऱ्याच रनला त्याच जागी तीच कळ. त्यामुळे नुसत्या विश्रांतीवर माझा विश्वास उरलेला नाही.

कुणाला विचारलं की अर्धे म्हणतात सगळं बंद कर, अर्धे म्हणतात रेसच्या दिवशी काही जाणवत नाही रे, दे ठोकून. दोन्हीनं माझं काम होत नाही. मला हे हवंय की कुठलं दुखणं सोबत घेऊन सराव करता येतो आणि कुठलं नाही हे तुम्ही कसं ठरवता? ज्यांनी भोगलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टिवल्याबावल्या
वाचतोय. पहिला नंबर लावून ठेवतो, सविस्तर प्रतिसाद नंतर.

कडेकडेने
मला दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. रोज तीन वेळा भिंतीला टेकून पोटऱ्या ताणल्या, महिन्याभरात बरं. करून बघा.

डॉक_सांधे
लांबपल्ला, मी फिजिओ आहे पण धाग्यावरून पाय तपासता येत नाही, तेव्हा हे वाचून प्रत्यक्ष दाखवायचं टाळू नका. आधी तीन गोष्टी सांगा.

दुखतंय ते टाचेच्या हाडाला टेंडन चिकटतो तिथे की वर? दोन बोटं वर म्हणताय म्हणजे मधल्या भागाचं दिसतंय, पण चिमटीनं नीट खात्री करा कारण दोन्हींचे व्यायाम वेगळे असतात. दुसरं, गेल्या काही महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलंत का? त्या गटातल्या औषधांनी टेंडनला इजा होऊ शकते, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला, तरी खेळाडूंना हे कुणी सांगत नाही. तिसरं, दुखणं सुरू व्हायच्या आधीच्या ६ आठवड्यांत सरावात काय काय बदललं?

कडेकडेने, तुमचं बरं झालं याचा आनंद आहे. पण दुखणं हाडाजवळचं असेल तर जोरात ताणल्यानं टेंडन हाडावर दाबला जातो आणि चिघळतं. म्हणून सरसकट सल्ला नको.

लांबपल्ला
डॉक, धन्यवाद. दुखतंय ते मधल्या भागातच, हाडावर दाबलं तर काही नाही. अँटिबायोटिक वर्षभरात कुठलंच नाही. सरावाची वही काढली. आठवड्याचं पळणं असं होतं: २२, २४, ३१, ३८, ३६ किमी. चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा चढावरचे रिपीट्स, म्हणजे एकच चढ परत परत जोरात पळणं, सुरू केले. आणि आता लिहिताना लक्षात येतंय, त्याच सुमाराला नवे बूट घेतले, टाच कमी उंचीची आहे म्हणून. एका जागी लिहिलेलं बघितल्यावर पोटात गोळाच आला.

गणिती
घ्या, उत्तर तुमच्याच वहीत होतं! लोक १० टक्क्यांचा नियम, म्हणजे आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवायचं नाही, धरून बसतात पण तो काही कवचकुंडल नाही. २००८ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात नवख्या धावपटूंचे दोन गट केले होते, एकाला हळूहळू वाढवणारा १३ आठवड्यांचा कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा. दुखापतीचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखं, साधारण पाचातला एक. नुसती किलोमीटरची बेरीज बघून काही कळत नाही असा मी त्याचा अर्थ घेतो. तुमच्याकडे किलोमीटर, चढ आणि बूट असे तीन भार एकाच पंधरवड्यात एकाच टेंडनवर आले. यातला कुठलाही एक त्यानं कदाचित निभावून नेला असता.

ट्रायथलॉनमधे अजून एक घोळ असतो. पोहणं आणि सायकल यामुळे दम वाढतो, हृदय तयार होतं, आणि मग पाय तयार नसतानाच आपण जोरात पळू शकतो. दम महिन्यात वाढतो, टेंडन आणि हाडं तेवढ्यात तयार होत नाहीत. नुसत्या धावपटूला त्याचा श्वासच थांबवतो, आपल्याला थांबवणारं कुणी नसतं.

पहिलटकर
गणिती, शेवटचा परिच्छेद वाखु (वाचनखूण) म्हणून साठवून ठेवला. मी पहिल्या स्प्रिंटच्या तयारीत आहे आणि माझं नेमकं हेच चालू आहे, सायकलमुळे दम आला म्हणून पळण्याचा वेग वाढवत सुटलेय.

डॉक_सांधे
वही बघून चित्र स्पष्ट झालं. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कुठलं दुखणं चालतं.

टेंडनच्या दुखण्यात मी रुग्णांना ० ते १० आकडा द्यायला सांगतो. व्यायाम करताना ३-४ पर्यंत गेलं तरी चालतं, स्वीडनमधल्या एका संशोधनात तर ५ पर्यंत चालवून घेतलंय. पण त्याला जोडून अट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुखणं आणि ताठरपणा नेहमीच्या पातळीवर परतलेला पाहिजे, आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. पळताना काय वाटतं यावर टेंडनच्या बाबतीत भरवसा ठेवू नका, गरम झाला की तो गप्प बसतो. तुमची मधली 'बरं वाटतं' ही वेळच फसवी आहे. खरं उत्तर सकाळच्या पहिल्या दहा पावलांत मिळतं, तेव्हा रोज सकाळचा आकडा लिहा.

व्यायामाचं म्हणाल तर पूर्ण विश्रांतीनं टेंडनची ताकद अजून घटते आणि परत आल्यावर तोच भार त्याला आधीपेक्षा जड होतो. मागच्या वर्षी गुडघ्याच्या बाबतीत तुमचं तेच झालं. आत्ता चढ आणि वेगाचं पळणं पूर्ण बंद, उड्या बंद, जुने जास्त उंच टाचेचे बूट परत घाला. सुरुवातीला टाच उचलून ४५ सेकंद धरून ठेवायची, अशा ५ खेपा. पुष्कळांचं दुखणं त्यानं निवतं, सगळ्यांचं नाही. मग सावकाश वजन घेऊन टाचा उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून असं दोन्ही प्रकारे, कारण पोटरीत आतला सोलियस नावाचा स्नायू असतो आणि पळताना मोठा भार तोच ओढतो. १९९८ पासून प्रसिद्ध असलेली पद्धत पायरीच्या कडेवरून टाच हळू खाली सोडायची, १५ च्या ३ खेपा, दिवसातून दोनदा, १२ आठवडे.

१२ आठवडे हा आकडा मुद्दाम सांगितला. तुमच्याकडे ९ आहेत.

आणि एक, पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'फट्' आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

सावली_१७
डॉक, टेंडनबद्दल अगदी सहमत. पण हा आकड्यांचा नियम वाचून कुणी हाडाच्या दुखण्याला लावू नये म्हणून माझी गोष्ट लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी मी पूर्ण अंतराच्या रेसची तयारी करत होते, ३.८ किमी, १८० किमी, ४२.२ किमी. उजव्या जांघेत दुखायला लागलं. मला वाटलं स्नायू ओढला गेला असेल. पळताना ३, संपल्यावर ४, मी स्वतःला सांगायचे की ३ म्हणजे काहीच नाही. पहिल्यांदा दाखवलं तिथे एक्स-रे स्वच्छ आला आणि स्नायूचंच आहे म्हणून सांगितलं. मी अजून १७ दिवस पळले. रात्री कूस बदलताना जाग यायला लागली, एका पायावर उडी मारली तर डोळ्यांपुढे काजवे. दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. मांडीच्या हाडाच्या मानेत, खुब्यापाशी, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भारानं हाडाला पडलेली बारीक चीर. ते म्हणाले अजून थोडं ताणलं असतं तर हाड सरकून ऑपरेशनची वेळ आली असती. ६ आठवडे कुबड्या.

पण मुख्य मुद्दा पुढे आहे. त्यांनी विचारलं पाळी कशी आहे, तर ७ महिने आली नव्हती, आणि मी ते सरावाचं चांगलं लक्षण समजत होते, हलकी झालेय, फिट झालेय असं. आठवड्याला १४ तास सराव आणि खाणं मात्र पूर्वीचंच. शरीराला खर्चाच्या मानानं ऊर्जा मिळाली नाही की ते हाडं, हार्मोन्स, प्रतिकारशक्ती सगळ्यांत काटछाट करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं आणि त्यात पुरुषही येतात हे स्पष्ट केलं. बायांनो, पाळी थांबणं म्हणजे फिटनेस नव्हे. माझं एक अख्खं वर्ष गेलं तेव्हा हे वाक्य मला कळलं.

डॉक_सांधे
सावलीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर हाडावर दुखणं, रात्री दुखणं, एका पायावर उडी मारल्यावर कळ येणं, यातलं काहीही असेल तर ३-४ चा नियम बाद, पळणं त्याच दिवशी बंद. आणि सुरुवातीच्या २-३ आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेमधे दिसेलच असं नाही. जांघेतलं दुखणं लांब पळणाऱ्यांमधे नेहमी गंभीरपणे घ्यायचं.

लांबपल्ला
सावलीताई, तुमचा प्रतिसाद बायकोलाही वाचायला दिला, ती पळते. खूप आभार.

चाकदोन
कुणी सायकलकडे बघितलं का? मी फिटिंगचं काम करतो. सीट जास्त उंच असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, मग माणूस टाच वर करून बोटांनी पोहोचतो आणि तासन् तास पोटरी आणि अकिलीस, म्हणजे टाचेवरचा तोच टेंडन, ओढत राहतो. मागच्या वर्षीचा तुमचा आयटी बँडसुद्धा कदाचित तिथलाच. तो साधारण ३० अंशाच्या आसपास गुडघा वाकतो तेव्हा बोचतो आणि सीट उंच असली की प्रत्येक फेरीत तुम्ही त्याच कोनातून जाता. पेडल तळाशी असताना गुडघ्याचा कोन साधारण २५ ते ३५ अंश हवा. बुटाच्या तळाची क्लीट, म्हणजे पेडलमधे अडकणारी पट्टी, थोडी मागे घेतली तर पोटरीचं काम कमी होतं. एका वेळी ३-४ मिलिमीटरच हलवा, आणि खूण करून ठेवा म्हणजे परत येता येईल.

लांबपल्ला
चाकदोन, काल मोजलं. गुडघ्याचा कोन २१ अंश आला. सीट १२ मिलिमीटर उंच निघाली.

टिवल्याबावल्या
सविस्तर प्रतिसाद देतो म्हणालो होतो, तो असा. या खेळाचा जन्मच हट्टातून झालाय. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईमधे पहिली आयर्नमॅन, म्हणजे पूर्ण अंतराची रेस, झाली, १५ जण निघाले, १२ जण पोचले, जिंकणारा गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटांत. १९८२ साली ज्युली मॉस शेवटच्या टप्प्यात पहिल्या नंबरवर असताना कोसळली आणि रांगत रेषेपर्यंत गेली. लोक आजही तिचं नाव घेतात, तिला मागे टाकून जिंकलेल्या कॅथलीन मॅकार्टनीचं किती जणांना आठवतं? तेव्हा लांबपल्ला, माझं मत आहे की रेस करा. आयुष्य हिशोबानं जगून काय मिळतं?

सावली_१७
टिवल्या, तुझ्या प्रतिसादांवर मी नेहमी हसते पण इथे कडाडून असहमत. ज्युली मॉसची शक्ती संपली होती, तिचं हाड मोडत नव्हतं. दमून रांगणं आणि दुखापतीवर पळणं एकाच पारड्यात घालू नकोस. पहिल्यातून माणूस दोन दिवसांत उठतो.

गणिती
जर्मनीचा आयर्नमॅन विजेता यान फ्रोडेनो, त्याचं उदाहरण घ्या. २०१७ मधे हवाईत पाठ धरली, तर त्यानं मॅरेथॉनचा बराच भाग चालत काढला आणि ९ तासांच्या वर वेळ लागला तरी पूर्ण केली. टिवल्या, हा तुमच्या बाजूचा मुद्दा. पण २०१८ ला खुब्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं तेव्हा तो विजेतेपदाच्या रेसला आलाच नाही. २०१९ मधे आला आणि ७ तास ५१ मिनिटांत कोर्सचा विक्रम करून जिंकला. दोन वर्षं, दोन दुखणी, दोन वेगळे निर्णय, माणूस तोच.

टिवल्याबावल्या
हे पटलं. मत मागे घेतो. रेस करा एवढंच परत घेतो हो, हट्ट करा हे तसंच ठेवतो.

निळीरेघ
उशिरा आले धाग्यावर. पोहणं शिकवते म्हणून पाण्याचं तेवढं सांगते. अकिलीस दुखत असताना लोक म्हणतात पोहणं सुरक्षित, पण भिंतीला लाथ मारून वळणं विसरतात. २५ मीटरच्या टँकमधे १.९ किमी म्हणजे ७५ वेळा भिंत ढकलणं. उजव्या पायानं ढकला किंवा नुसतं हातानं वळा. पायात पुल बॉय (मांड्यांमधे धरायचा तरंगणारा फोम) धरलात तर किकही थांबते. आणि कंबरेला पट्टा बांधून खोल पाण्यात पळणं हे दुखापतीत वरदान आहे, पाय तळाला टेकत नाही, दम मात्र पुरता लागतो. घड्याळात नाडी जमिनीपेक्षा कमी दिसेल, घाबरू नका, श्वासावरून जोर ठरवा.

लोकांना भीती असते की थांबलो तर सगळं गेलं. चांगले तयार खेळाडू ३ आठवडे पूर्ण बसून राहिले तर ऑक्सिजन वापरायची क्षमता साधारण ७ टक्के घटली असं १९८४ चं एक जुनं संशोधन सांगतं. आणि तुम्ही तर बसणारच नाही आहात.

पहिलटकर
थोडं अवांतर विचारू का? निळीरेघ ताई, टँकमधे मी आरामात १ किमी पोहते पण गेल्या रविवारी उघड्या पाण्यात पहिल्या १०० मीटरमधेच छाती आवळली, श्वास सोडताच येईना, परत आले. रेस ५ आठवड्यांवर आहे.

निळीरेघ
अगं, हे इतक्या जणांना होतं की मी नव्या विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवते. गार पाणी तोंडावर आलं की श्वास आपोआप धापेचा होतो, वर तळ दिसत नाही, रेघ दिसत नाही. पाण्यात उतरल्यावर लगेच निघू नकोस. आधी तोंड पाण्यात घालून फक्त बुडबुडे सोड, दोन-तीन मिनिटं. बहुतेकांचा श्वास घ्यायचा राहत नाही, सोडायचा राहतो. रेसमधे कडेला आणि मागे उभी राहा. ६ ते ८ हातांनी एकदा नजर वर करून खुणेचा फुगा बघ. फार झालं तर पाठीवर उलटी हो, किंवा बचावाच्या होडीला धरून थांब, होडीनं तुला पुढे ओढलं नाही तर ते बहुतेक ठिकाणी नियमात बसतं. पण खोकताना फेसाळ किंवा गुलाबी थुंकी आली, छातीत घरघर झाली तर ती भीती नव्हे, फुफ्फुसात पाणी साठण्याचा प्रकार असू शकतो, लगेच हात वर करून बाहेर यायचं.

चाकदोन
पहिलटकर, पाण्यातून बाहेर आलीस की आधी हेल्मेटचा बकल लाव आणि मगच सायकलला हात लाव, उलटं केलंस तर दंड बसतो. घाईत भले भले विसरतात.

उशिरासुरुवात
मी ५८ वर्षांचा आहे, पोहायला ५४ व्या वर्षी शिकलो. लांबपल्ला, तुम्ही लिहिलेले आठवडे आणि अंतर बघून वाटतंय की आपण एकाच रेसला आहोत, माझी पहिली हाफ! मला डॉक्टरांनी सांगितलं या वयात गुडघे जपा. मी विचारलं जपून ठेवून कुणाला द्यायचेत? पण गंमत सोडा, जपतो मी. आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलतो, पळणं फक्त तीन दिवस, त्यातलं बहुतेक इतकं सावकाश की शेजारच्याशी गप्पा मारता येतात. जपानचे हिरोमू इनादा २०१८ मधे ८५ व्या वर्षी हवाईची पूर्ण अंतराची रेस संपवून आले, तेव्हा माझ्यापुढे अजून २७ वर्षं आहेत, घाई कशाला.

लांब रेस करणाऱ्यांना एक विनंती. सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन निघू नका. माझ्या ओळखीच्या एकानं आयबुप्रोफेनच्या दोन गोळ्या घेऊन उन्हात हाफ केली, घाम भरपूर, पाणी कमी, मूत्रपिंडाला मार बसून तीन दिवस सलाईनवर. उलट काही जण प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पितात आणि रक्तातलं सोडियम खाली जातं, तेही तितकंच वाईट.

डॉक_सांधे
काकांना पूर्ण अनुमोदन. गोळी घेतली की दुखण्याचा आकडा खोटा होतो, आणि लांबपल्लांची सगळी भिस्त त्या आकड्यावर आहे.

लांबपल्ला
काका, हो, एकच रेस! भेटूच.

तीन आठवड्यांनंतरची बातमी देतोय. प्रत्यक्ष फिजिओला दाखवलं, निदान तेच, मधल्या भागाची टेंडिनोपथी, म्हणजे टेंडनचा आजार. सीट खाली, क्लीट ४ मिलिमीटर मागे, जुने बूट. पहिले १० दिवस पळणं शून्य, खोल पाण्यात पळलो, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं. मग १ मिनिट पळणं १ मिनिट चालणं, अशा १० खेपा. सकाळचा आकडा ५ वरून २ वर आलाय. ४५ सेकंदांच्या धरणाची आता गंमत वाटायला लागलीय, मुलं शेजारी उभी राहून मोठ्यानं सेकंद मोजतात आणि धाकटा ३० नंतर परत ११ पासून सुरू करतो.

मधे एकदा मोह झाला. दुखत नाही म्हणून ठरलेल्या ४ ऐवजी ७ किमी पळून आलो. पळताना आकडा १. दुसऱ्या दिवशी सकाळी ४. डॉक, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

डॉक_सांधे
७ वर ४ म्हणजे त्याला सध्या ७ झेपत नाही, एवढाच निरोप आहे त्यात. दोन दिवस मागे या, परत ४ वर. रेसचा निर्णय शेवटी भावनेवर जाऊ नये म्हणून आत्ताच कसोटी ठरवा. एका पायावर टाच किती वेळा पूर्ण उंच उचलता येते ते दोन्ही पायांचं मोजा. आणि रेसच्या आधी ३ आठवडे एकदा १४-१५ किमी पळून दुसऱ्या सकाळी आकडा २ च्या आत राहतोय का ते बघा.

गणिती
आणि कसोटी इथे लिहून ठेवा म्हणजे मागाहून बदलता येणार नाही.

लांबपल्ला
लिहितो. उजवा पाय २६ वेळा. डावा आज ११. रेसच्या ३ आठवडे आधी डावा किमान २२ आणि १४ किमीनंतरची सकाळ २ च्या आत. दोन्ही जमलं तर हाफ. नाही जमलं तर आयोजकांकडे ॲक्वाबाईक गट आहे, फक्त पोहणं आणि सायकल, त्यात नाव बदलून घेणार.

पहिलटकर
माझी स्प्रिंट झाली!! पाण्यात मधे एकदा पाठीवर उलटी झाले, आभाळ बघितलं, बुडबुडे सोडले, परत निघाले. बकल आधी लावला. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडाचे झाले होते, कुणीतरी सांगायला हवं होतं.

निळीरेघ
शाब्बास!! लाकडाचे पाय म्हणून तर ब्रिक करायची असते, सायकलवरून उतरून लगेच १५ मिनिटं पळायचं, आठवड्यातून एकदा. पुढच्या वेळी.

लांबपल्ला
काल कसोटीचा दिवस होता. डावा पाय १७. १४ किमी पळून आलो, पळताना आकडा २, इतकं छान वाटलं की परत येताना मनातल्या मनात रेसचे कपडे ठरवत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर आकडा ४. दुपारपर्यंत काही बोललो नाही कुणाशी. मग आयोजकांना मेल केला आणि ॲक्वाबाईकमधे नाव बदललं.

फार वाईट वाटतंय. वर्षभर पहाटे उठलोय त्या २१ किमीसाठी.

टिवल्याबावल्या
मित्रा, हट्ट हाच आहे बघ. लिहिलेलं पाळलंस.

सावली_१७
वाईट वाटू दे. मला कुबड्यांवर रेसचा दिवस काढायला लागला होता, दिवसभर फोन बंद ठेवला होता. तू निदान पाण्यात असशील.

लांबपल्ला
रेस झाली. १.९ किमी ४३ मिनिटांत, माझ्या अपेक्षेपेक्षा ३ मिनिटं लवकर. ९० किमी ३ तास ६ मिनिटांत. पुढे पळायचं नाही म्हणून पाय राखायची गरज नव्हती, शेवटच्या २० किमीत जे होतं ते सगळं टाकलं. अंतर मात्र पाळलं, पुढच्याच्या मागे चिकटून जायचं नाही हा नियम थकल्यावरच जड जातो. सायकल जागेवर लावली आणि सगळे बूट बदलून पळायला निघाले तेव्हा घशाशी आलं, खोटं कशाला सांगू.

मग आंघोळ करून पळण्याच्या वाटेवर १२ व्या किलोमीटरच्या खुणेपाशी जाऊन उभा राहिलो, पाण्याचे पेले द्यायला माणसं कमी होती. तासाभरानं काका आले. चेहरा लाल, पण पावलं एकसारखी. मी ओरडलो 'उशिरासुरुवात काका!' तर ते दचकून बघायलाच लागले, आम्ही आधी कधी भेटलोच नव्हतो.

उशिरासुरुवात
दोन पेले यानं माझ्या डोक्यावर ओतले आणि एक हातात दिला. नंतर ९ किमी राहिले होते ते कसे गेले मला नीट सांगता येणार नाही. ७ तास ३८ मिनिटं. रेषेवर हा परत उभा होता, माझ्या बायकोच्या शेजारी, दोघं माझ्यापेक्षा जास्त ओरडत होते. लांबपल्ला, पुढच्या वेळी तू पळ, पेले मी धरतो.

डॉक_सांधे
काका, मनापासून अभिनंदन. आणि लांबपल्ला, एवढं सायकलवर टाकलंत तर आज सकाळचा आकडा?

लांबपल्ला
१. दुपारी डावा पायही मोजला, १९. धाकट्यानं मोजले आणि परत परत मोजायला लावले म्हणून नक्की १९. मंगळवारी १ मिनिट पळणं १ मिनिट चालणं, १० खेपा.